पाच टक्क्यांचे वृत्तपत्र

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोथनियाच्या आखाताकाठी, वासा नावाचे एक बंदराचे शहर आहे. वस्ती सुमारे सत्तर हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला नगरपालिका असते, महानगरपालिका नव्हे. या शहरातून १८५६ साली, म्हणजे ज्या वर्षी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला त्या वर्षी, 'वासाब्लाडेट' हे वृत्तपत्र सुरू झाले आणि ते आजही निघत आहे. ते फिनलंडमध्ये निघते, परंतु फिनिश भाषेत नव्हे, स्वीडिश भाषेत. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख. त्यांपैकी ज्यांची मातृभाषा स्वीडिश आहे असे लोक अंदाजे २ लाख ८७ हजार, म्हणजे पाच टक्क्यांहून किंचित अधिक. हे वृत्तपत्र या सर्वांचेही नाही. ते मुख्यतः ओस्टरबोटन या एका किनारी प्रदेशाचे आहे.

मला स्वीडिश येत नाही आणि त्या देशाशी माझा कोणताही वैयक्तिक संबंध नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणि सेवेतील बरीच वर्षे मराठी मुलखाबाहेर काढलेला अधिकारी म्हणून हे उदाहरण मला अनेक वर्षे विचारात पाडत आले आहे. त्याचे कारण एका साध्या आकड्यात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मराठी मातृभाषा असणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांपैकी सुमारे ५५ लाख महाराष्ट्राबाहेर राहत होते. म्हणजे महाराष्ट्राबाहेरचा मराठी समाज हा जवळजवळ अख्ख्या फिनलंडएवढा आहे आणि तेथील स्वीडिश भाषकांच्या सुमारे वीसपट. तरीही त्या पावणेतीन लाखांना एकाहून अधिक दैनिके चालविता येतात, आणि आपल्या ५५ लाखांपैकी बहुतेकांना आपल्या शहराची बातमी आपल्या भाषेत वाचायला मिळत नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले, त्यांचे भाषाप्रेम अधिक आहे. दुसरे, तो श्रीमंत देश आहे. दोन्हींत तथ्यांश आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. भाषाप्रेमात आपणही कमी नाही. ज्या शहरात चार मराठी कुटुंबे जमतात तेथे गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग होतोच. आणि श्रीमंती हे कारण मानले, तर बाहेरगावच्या मराठी समाजात वर्गणी भरू शकणाऱ्यांची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही. माझ्या मते खरे कारण प्रशासनाच्या रचनेत आहे. ते स्पष्ट करण्यासाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे.

फिनलंड शतकानुशतके स्वीडनच्या राज्याचा भाग होता. १८०९ साली तो रशियाच्या झारकडे गेला, परंतु कारभाराची, न्यायालयाची आणि शिक्षणाची भाषा स्वीडिशच राहिली. देशातील पहिले वृत्तपत्र १७७१ साली तुर्कू येथे निघाले, तेही स्वीडिशमध्ये. तुर्कूचे स्वीडिश नाव ओबो. तेथे १८२४ साली सुरू झालेले 'ओबो उंदेरेट्टेल्सर' हे आज चालू असलेले फिनलंडमधील सर्वांत जुने वृत्तपत्र आहे, आणि तेही स्वीडिश आहे. गंमत अशी की फिनिश भाषेला तिचे स्थान मिळावे म्हणून ज्याने लेखणी झिजविली त्या स्नेलमानचे 'सायमा' हे १८४४ मध्ये सुरू झालेले पत्रदेखील स्वीडिशमध्येच होते. कारण ज्यांना पटवून द्यावयाचे होते तो शिक्षित वर्ग तीच भाषा वाचत होता. फिनिश भाषेला कारभारात स्वीडिशच्या बरोबरीने आणण्याचा झारचा आदेश निघाला तो १८६३ साली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. १८५६ साली वासा येथे हे वृत्तपत्र निघाले, तेव्हा ते 'अल्पसंख्याकांचे' वृत्तपत्र म्हणून निघाले नव्हते. ते कारभाराच्या भाषेतील एका प्रांतिक शहराचे पत्र होते. किंबहुना त्या वेळी शहरच नीटसे उभे नव्हते. १८५२ च्या आगीत जुने वासा जळून गेले होते आणि काही किलोमीटरवर, समुद्राजवळ, नवे शहर वसविले जात होते. १८५५ मध्ये झारच्या नावावरून शहराचे अधिकृत नाव 'निकोलाइस्टाड' करण्यात आले. ते १९१७ पर्यंत टिकले. सरकारी नाव बदलले तरी वृत्तपत्राने मात्र जुन्या गावाचे नाव आपल्या मथळ्यावर घेतले. पुढे फिनिश भाषा योग्य रीतीने आपल्या जागी आली आणि स्वीडिश भाषकांचे प्रमाण घटत गेले. १९०० च्या सुमारास ते सुमारे तेरा टक्के होते. आज त्याच्या निम्म्याहून कमी आहे. ज्या भाषेकडे सत्ता होती ती अल्पसंख्याकांची भाषा झाली. अशा भाषेची वृत्तपत्रे बहुधा आठवणींवर जगू लागतात आणि आठवणींबरोबर संपतात. येथे तसे झाले नाही.

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. वासा शहरापासून आखातापलीकडे स्वीडन आहे. स्टॉकहोमची मोठी दैनिके त्याच भाषेत निघतात. त्यांची साधनसंपत्ती, त्यांचे लेखक, त्यांची छपाई यांच्याशी प्रांतिक पत्राची तुलना होऊ शकत नाही. केवळ भाषेची भूक असती, तर ओस्टरबोटनच्या वाचकाने स्टॉकहोमचे दैनिक घेतले असते आणि वासाचे पत्र केव्हाच बंद पडले असते. पण स्टॉकहोमचे दैनिक त्याला हे सांगत नाही की त्याच्या नगरपालिकेने कोणती शाळा बंद करण्याचे ठरविले आहे, कोणत्या रस्त्याचे काम रखडले आहे, शेजारच्या गावात काल कोणाचे निधन झाले. देशाच्या राजधानीचे फिनिश दैनिकही हे सांगत नाही, आणि सांगितले तरी दुसऱ्या भाषेत सांगते. भाषा एकीकडे मिळते, गाव दुसरीकडे मिळते. दोन्ही एकत्र मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे स्थानिक वृत्तपत्र. त्याचा ग्राहक टिकून राहतो, कारण त्याला पर्याय नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, त्या वस्तूला जवळचा पर्यायी माल बाजारात उपलब्ध नाही.

परंतु स्थानिक बातमी त्या भाषेत 'असणे' हे आपोआप घडत नाही. नगरपालिकेचा कारभार ज्या भाषेत चालतो, त्या भाषेत बातमी जन्माला येते. येथे कायद्याचा संबंध येतो. फिनलंडच्या १९१९ च्या राज्यघटनेने फिनिश आणि स्वीडिश या दोन राष्ट्रभाषा ठरविल्या, १९२२ मध्ये भाषा-कायदा झाला, आणि सध्याचा कायदा २००३ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २००४ पासून अंमलात आला. त्यातील एक तरतूद मी प्रशासनातील प्रत्येक तरुण सहकाऱ्याला वाचावयास सांगेन. एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषा बोलणारे किमान आठ टक्के किंवा किमान ३,००० लोक असतील, तर ती नगरपालिका द्विभाषिक ठरते. एकदा द्विभाषिक ठरलेली नगरपालिका एकभाषिक होण्यासाठी मात्र त्यांची संख्या ३,००० च्या खाली आणि प्रमाण सहा टक्क्यांच्या खाली, असे दोन्ही घडावे लागते. हा निर्णय दर दहा वर्षांनी आकडेवारी पाहून घेतला जातो.

या छोट्या कलमात दोन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. आत येण्याची अट आठ टक्के आणि बाहेर जाण्याची सहा. मधले दोन टक्के हे उसंतीचे आहेत. एखाद्या गावातून काही कुटुंबे नोकरीसाठी बाहेर गेली म्हणून पुढच्या वर्षी शाळेच्या आणि कार्यालयाच्या पाट्या बदलत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टक्केवारीला संख्येचा पर्याय दिलेला आहे. हेलसिंकी आणि तुर्कू या मोठ्या शहरांत स्वीडिश भाषकांचे प्रमाण सहा टक्क्यांहून कमी आहे. टक्केवारीचाच नियम असता तर ती शहरे केव्हाच एकभाषिक झाली असती. परंतु तेथे त्यांची संख्या तीन हजारांहून कितीतरी अधिक असल्याने ती द्विभाषिक राहिली. मोठे शहर वाढते तेव्हा अल्पसंख्य समाजाचे माणूस एकही न घटता त्याचे प्रमाण घटते. हा केवळ भागाकाराचा परिणाम आहे. नागरिकाच्या हक्काचा लोप भागाकारामुळे होऊ नये, एवढी काळजी त्या कायद्याने घेतली आहे.

यामुळे नगरपालिकेच्या सूचना आणि नागरिकांना द्यावयाची माहिती दोन्ही भाषांत निघते, शाळा त्या भाषेत चालतात, आणि अधिकाऱ्याला त्या भाषेत प्रश्न विचारता येतो. वार्ताहराला मिळणारा कच्चा माल तयार असतो. उलट बाजूने वृत्तपत्र त्या कायद्यावर नजर ठेवते. २०१६ साली फिनलंडच्या सरकारने चोवीस तास सर्व प्रकारची तातडीची सेवा देणाऱ्या रुग्णालयांची संख्या मर्यादित केली. पश्चिमेकडील या भागात वासाऐवजी सेइनायोकी येथील रुग्णालय निवडले गेले, जे फिनिश भाषक शहर आहे. खर्चाच्या दृष्टीने तो यादीतील एक बदल होता. ओस्टरबोटनच्या रहिवाशासाठी प्रश्न असा होता की अपघातानंतर शुद्धीवर आलेल्या वृद्ध आईला कोणत्या भाषेत विचारले जाईल की, कोठे दुखते? हजारो लोक रस्त्यावर आले. निर्णय त्या वेळी बदलला नाही. पुढच्या सरकारच्या काळात वासा येथील रुग्णालयाला तो दर्जा देण्यात आला. राजधानीतील पत्रांसाठी हा चार दिवसांचा विषय असू शकतो. ज्या पत्राचे सारे वाचक त्या रुग्णालयात जाणार आहेत, त्याच्यासाठी तो वर्षानुवर्षांचा विषय असतो. लोकशाहीत चिकाटीने प्रश्न विचारत राहणारी एक यंत्रणा लागते. अल्पसंख्याकांसाठी ती यंत्रणा बहुधा त्यांचे वृत्तपत्रच असते.

आता खर्चाची बाजू. वृत्तपत्राच्या पहिल्या प्रतीचा खर्च, म्हणजे वार्ताहर, संपादक, जुळणी यांचा खर्च, वाचक वीस हजार असोत वा वीस लाख, फारसा बदलत नाही. म्हणून लहान भाषेच्या वाचकाला दरडोई अधिक भार उचलावा लागतो. फिनलंडमध्ये हा भार तीन ठिकाणी वाटला गेला आहे. वाचक वर्गणी भरतात. अनेक पत्रांची मालकी नफ्यासाठी काम न करणाऱ्या न्यासांकडे आहे: वासाब्लाडेटमागे वासा येथील हॅरी शाउमान यांच्या नावाचा न्यास आहे, तर हेलसिंकीच्या 'हुवुदस्टाड्सब्लाडेट' या १८६४ पासूनच्या दैनिकामागे त्याचे मालक आमोस अँडरसन यांनी १९४० मध्ये स्थापन केलेली संस्था आहे. तिसरा, लहानसा वाटा राज्यसंस्थेचा आहे. न्यासाची मालकी हा माझ्या मते या व्यवस्थेचा कणा आहे. पूर्वीच्या पिढ्यांतील व्यापाऱ्यांनी मिळविलेला पैसा देवळाला किंवा वारसांना न जाता समाजाच्या संस्थांकडे गेला आणि त्याच्या उत्पन्नावर आजचा तोटा भरून निघतो.

चित्र सर्वस्वी सुखाचे आहे असे मात्र नाही. याकोबस्टाड आणि कार्लेबी येथील दोन जुनी पत्रे २००८ मध्ये एकत्र होऊन 'ओस्टरबोटन्स टीडनिंग' हे एक पत्र झाले. वर्गणीच्या वृत्तपत्रांवर पूर्वी नसलेला मूल्यवर्धित कर २०१२ पासून लागू झाला. २०१५ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने नगरपालिकांच्या सूचना संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे हाच मूळ नियम केला. वृत्तपत्रातील जाहिरात ऐच्छिक झाली. हा शेवटचा बदल प्रशासकाच्या दृष्टीने अगदी निरुपद्रवी वाटतो. पैसा वाचतो आणि माहिती सर्वांना खुली असते. पण ज्या पत्राला त्या सूचनांचे उत्पन्न मिळत होते त्याचा एक आधार जातो. शिवाय, सूचना संकेतस्थळावर 'असणे' आणि ती सकाळी चहाबरोबर नजरेस 'पडणे' यांत फरक आहे. आपल्या कचेऱ्यांत फलकावर सूचना लावल्याचा पंचनामा होतो, पण ती किती जणांनी वाचली याचा होत नाही. संकेतस्थळ हा त्या फलकाचाच नवा अवतार आहे.

या व्यवस्थेवर तेथे आक्षेपही आहेत, आणि ते गांभीर्याने घ्यावयास हवेत. पाच टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, फिनिश मुलांना शाळेत सक्तीने स्वीडिश का शिकवावे, असे प्रश्न विचारले जातात. शालेय सक्ती काढावी या मागणीच्या अर्जावर पन्नास हजारांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या आणि तो संसदेपुढे आला. २०१५ मध्ये संसदेने तो फेटाळला. न्यासांच्या पैशावर चालणारे पत्र वाचकापेक्षा विश्वस्तांकडे पाहू लागते, हा आक्षेपही निराधार नाही. माझे उत्तर एवढेच की शालेय सक्तीचा प्रश्न आणि नागरिकाला त्याच्या भाषेत कारभार मिळण्याचा प्रश्न हे वेगळे आहेत. पहिल्यावर मतभेद असू शकतो. दुसरा हा कर भरणाऱ्या नागरिकाच्या बरोबरीच्या वागणुकीचा प्रश्न आहे.

आता आपल्याकडे वळू. भारतीय राज्यघटनेने अल्पभाषिकांकडे दुर्लक्ष केलेले नाही. अनुच्छेद २९ आणि ३० आहेतच. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क (प्राथमिक शिक्षण मातृभाषेत) आणि ३५०-ख (अल्पभाषिकांसाठी विशेष अधिकारी) आले. त्याच वर्षीच्या केंद्राच्या निवेदनात असे म्हटले आहे की ज्या जिल्ह्यात, नगरपालिकेत किंवा तालुक्यात अल्पभाषिक १५ ते २० टक्के आहेत, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करणे इष्ट ठरेल. विचार स्तुत्य आहे. पण त्यात दोन उणिवा राहिल्या. 'इष्ट ठरेल' हे शब्द कोणत्याही कार्यालयावर बंधन घालत नाहीत, हे फायली हाताळणाऱ्याला सांगावे लागत नाही. आणि कसोटी केवळ टक्केवारीची आहे. दहा लाखांच्या शहरात एक लाख मराठी माणसे असली तरी ती दहा टक्केच. एकही सूचना त्यांच्या भाषेत निघणार नाही. फिनलंडच्या नियमाने पाहिले तर ती तीन हजारांच्या तेहतीसपट होतात!

संख्येची कसोटी आपल्याला परकी आहे असेही नाही. १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले होते की वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असतील तर त्यांच्या भाषेत शिक्षक द्यावा. तेथे टक्केवारी नाही. जे तत्त्व शाळेच्या वर्गाला मान्य झाले, ते नगरपालिकेच्या सूचनेला का नसावे?

महाराष्ट्राबाहेर दीर्घायुषी ठरलेल्या मराठी वृत्तपत्रांचे ठळक उदाहरण म्हणजे बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये बेळगाव येथे सुरू केलेला 'तरुण भारत'. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे असल्याने त्यावर सेवेतील माणसाने बोलू नये, आणि मी बोलत नाही. येथे मुद्दा निराळा आहे. ते पत्र टिकले, कारण त्याच्या वाचकाला पुण्या-मुंबईची बातमी मराठीत हवी होतीच, पण त्याहून अधिक त्याला आपल्या गल्लीची, आपल्या शेताची, आपल्या बाजाराची बातमी मराठीत हवी होती. वासा येथील पत्राचे रहस्यही तेच आहे.

म्हणून बाहेरगावच्या महाराष्ट्र मंडळांना माझी एक विनंती आहे. आपल्या नियतकालिकांत आणि दिवाळी अंकांत कथा-कविता अवश्य असाव्यात, परंतु ज्या शहरात आपण राहतो, त्या शहराच्या पाणीपट्टीची, शाळाप्रवेशाची, रुग्णालयाची, महापालिकेच्या ठरावांची माहिती मराठीत देणारी दोन पाने दर महिन्याला काढा. ती वाचली जातील, कारण ती दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत. ज्या मंडळांकडे इमारती आणि ठेवी आहेत, त्यांनी त्यांतील काही भाग अशा कामासाठी कायमचा बाजूला ठेवावा. आणि माझ्या सेवेतील सहकाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की सूचना संकेतस्थळावर टाकून कर्तव्य संपले असे मानू नये. जेथे एखादा समाज संख्येने मोठा आहे, तेथे टक्केवारी न पाहता ती सूचना त्याच्या भाषेतील लहान पत्राकडे पाठवावी. त्याला नव्या कायद्याची गरज नाही. एका परिपत्रकाने ते होऊ शकते.

भाषा उत्सवांत दिसते, परंतु ती टिकते ती रोजच्या रुक्ष व्यवहारात. ज्या भाषेत घरपट्टीची सूचना येते, ज्या भाषेत शाळा बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध पत्र लिहिता येते, ती भाषा पुढची पिढीही शिकते, कारण तिचा उपयोग आहे. वासा शहरातील त्या वृत्तपत्राने १८५६ पासून हे रुक्ष काम केले आहे. आपल्या ५५ लाखांसाठी ते कोणी करावयाचे, याचा विचार प्रत्येक शहरातील मराठी समाजाने आपापल्या परीने करावा.